घाट सोडू नका, प्रेसची घाई करू नका

ताई, नमस्कार. मी ३८ वर्षांची, सांगलीत गावभागात राहते. लग्नाआधी जी. डी. आर्ट केलं. सध्या एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते. घरी मिस्टर, दोन मुलं, सासूबाई. रविवारी सकाळी कृष्णेवर जाऊन जलरंगात निसर्गचित्रं करते. मिस्टर म्हणतात, "छंद आहे तर छंदासारखा कर." सासूबाईंना मी घाटावर बसलेली आवडत नाही. माणसं मागे येऊन उभी राहतात, पोरं मोबाइल काढतात, हात आखडतो. दिवाळीनंतर कोल्हापूरला एचिंगचं, म्हणजे धातूच्या प्लेटवर रेखाटून, ती रेघ द्रावणाने खोल करून कागदावर छापायच्या कलेचं, शिबिर केलं. प्लेटवरून पहिला कागद उचलला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. घरीच प्रेस घ्यावी असं वाटतंय. दीड लाख सांगितलेत. भिशीचे थोडे आहेत, बाकीसाठी एफडी मोडावी लागेल. माझे जुने सर म्हणतात, "एक काहीतरी धर, दोन्ही डगरींवर पाय ठेवू नकोस." निसर्गचित्रं सोडू का? प्रेस घेऊ का? आणि घाटावर बसायचं तरी कसं?
— घाटवेडी, सांगली

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो सुटला नाही तर बाकीच्या दोघांना अर्थच राहत नाही.

बाई घाटावर धुणं घेऊन बसली, देवदर्शनाला आली, पायरीवर शेंगा सोलत बसली, तरी कुणी वळून पाहत नाही. तीच बाई मांडीवर बोर्ड घेऊन बसली की मागे माणूस येऊन उभा राहतो. याचं कारण स्वतःमध्ये शोधू नका. बाई घराबाहेर, एकटी, स्वतःच्या कामासाठी दोन तास बसलेली लोकांनी फारशी पाहिलेलीच नसते. पाहतील तशी सवय होईल, आणि ती सवय तुम्हालाच लावावी लागेल. त्यासाठी जागा बदलत फिरू नका. दोन-तीन महिने एकच घाट, एकच वेळ, एकच कोपरा धरा. चहाच्या गाड्यावरचा माणूस, हार-फुलं विकणारी मावशी, नावाडी ही तुमची माणसं झाली पाहिजेत. जाताना दोन शब्द बोला, झालेलं चित्र त्यांना दाखवा. "त्या चित्रकार बाई आहेत, दर रविवारी येतात," असं चहावाल्यानंच परस्पर कुणाला सांगितलं, की निम्मी गर्दी तिथेच पांगते.

बसताना पाठ भिंतीला किंवा दगडी कठड्याला लागलेली हवी. मागे उभं राहायला जागाच नसली तर बघणारा समोर येतो, आणि समोरून कागद दिसत नाही, त्यामुळे लवकर निघून जातो. मोकळ्या पायऱ्यांच्या मधोमध कधी बसू नका. मोबाइलवाल्या पोरांसाठी एकच वाक्य तयार ठेवा: "चित्राचा फोटो काढ बाळा, माझा नको." ब्रश खाली ठेवून, त्याच्याकडे बघून, शाळेतल्या आवाजात सांगा. तुम्ही शिक्षिका आहात, तो आवाज तुमच्याकडे आहेच. सुरुवातीला सोबत असेल तर उत्तम. शाळा सोडून गेलेली एखादी विद्यार्थिनी, शेजारची चित्र काढणारी मुलगी, कुणीही. आणि एखाद्या दिवशी जागा बरी वाटली नाही तर तडक सामान आवरून निघा. अर्धं चित्र वाया गेल्याचं दुःख त्या दिवशी करायचं नाही.

सासूबाईंचं मात्र थोडं वेगळं आहे. त्यांना चित्र खुपत नाही, लोकांचं बोलणं खुपतंय. गावभागात आयुष्य काढलेल्या बाईला कोण कुठल्या गल्लीतून काय बोलेल हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्या भीतीत तुमची काळजीही आहे. त्यांना समजावत बसू नका, एकदा बरोबर न्या. गणपतीचं दर्शन करून घाटावर अर्धा तास बसवा आणि विचारा, तुमच्या वेळी पाणी कुठवर असायचं, कुठल्या घाटावर बायका जायच्या, काय काय होतं इथे. त्यांनी सांगितलेलं चित्रात आणा. ज्या चित्रात आपली आठवण आहे त्या चित्राला माणूस सहसा विरोध करत नाही.

मिस्टरांशी याबद्दल वाद घालू नका. रविवारी सात ते दहा माझं काम असतं, एवढं एकदाच सांगा आणि मग त्या वेळेचा मान आधी तुम्ही स्वतः ठेवा. पाहुणे आले, मुलाची सहल आहे, आज कंटाळा आलाय, अशी वेळ तुम्हीच वाटून टाकत राहिलात तर घरच्यांनी तिला काम का म्हणावं?

थोडं उजेडाबद्दल, कारण तुम्ही "चित्र घाटावर छान वाटतं, घरी आणलं की मळकट दिसतं" असंही शेवटी ताजा कलममध्ये लिहिलंय. यात तुमचा हात वाईट नाही. कागदावर थेट ऊन पडत असलं की तो इतका झळझळतो की प्रत्येक रंग आपल्याला फिका वाटतो, म्हणून आपण गडद लावत जातो. घरात आणल्यावर ते सगळं गडदपण उघडं पडतं. कागद नेहमी सावलीत धरा. छत्री वापरत असाल तर काळी किंवा पांढरी वापरा. लाल-निळ्या फुलांच्या छत्रीतून येणारा उजेड रंगीत असतो, आणि तो रंग डोळा नकळत कागदातून वजा करतो. दुसरं असं की सांगलीत मार्चनंतर नऊ वाजले की सावल्या आखडतात आणि घाटाचे दगड नुसते पांढुरके होऊन बसतात. वॉशही, म्हणजे पातळ रंगाचा थर, ब्रश उचलायच्या आत वाळतो. उन्हाळ्यात साडेसहाला बसा, साडेआठला उठा. डिसेंबर-जानेवारीत उलट त्रास. नदीवर धुकं असतं, वॉश वाळता वाळत नाही. त्या दिवसांत दोन छोटे कागद बरोबर ठेवा आणि एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम करा.

आता सरांच्या सल्ल्याकडे येते. सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, हा सल्ला मला पटत नाही. निसर्गचित्र आणि एचिंग या दोन डगरी नाहीतच.

शिबिरात तुम्हाला अ‍ॅक्वाटिंट दाखवलं असेल, म्हणजे प्लेटवरून करड्या छटा छापायचं तंत्र. प्लेटवर राळेची बारीक पूड पसरायची, खालून ऊब देऊन ती चिकटवायची. मग चित्रात जिथे निव्वळ पांढरं हवं तो भाग व्हार्निशने झाकायचा आणि प्लेट द्रावणात सोडायची. थोड्या वेळाने बाहेर काढायची, धुवायची, सगळ्यात फिकट करडा हवा तो भाग झाकायचा, पुन्हा सोडायची. असं करत करत शेवटी उघडा राहतो तो भाग सगळ्यात जास्त वेळ खाल्ला जातो आणि काळाभोर छापला जातो. आता तुमचा जलरंग आठवा. तिथेही पांढरा रंग नसतो, कागदाचं पांढरं आधी राखावं लागतं. मग फिकट वॉश, त्यावर मधला, आणि शेवटी कमानीखालचा काळोख. क्रम तोच आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या कमानींसमोर बसून तुम्ही पांढरं कुठे सोडायचं हे रविवारी सकाळी ठरवता, तेव्हा तुम्ही अ‍ॅक्वाटिंटचाच अभ्यास करत असता. जो माणूस उन्हात बसून तीन टोन वेगळे करायला शिकलेला नाही, त्याची प्लेट घरात कितीही वेळ द्रावणात बुडवली तरी करडीच राहते. मी हे फार प्रिंटमध्ये पाहिलंय: तंत्र चोख, रेघ सफाईदार, आणि उजेड कुठून येतोय याचा पत्ताच नाही.

म्हणून घाटावर एक सवय लावून घ्या. रंग उघडण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीनच टोनमध्ये चित्र मांडा: पांढरा, करडा, काळा. दहा मिनिटांच्या वर वेळ देऊ नका. खाली तारीख, वेळ आणि उजेड कुठल्या बाजूने होता ते लिहा. जलरंग बिघडला तरी हे पोस्टकार्ड बिघडत नाही, आणि पुढे प्लेट करायला बसाल तेव्हा तेच समोर ठेवायचं आहे.

या वाटेने पुष्कळ मोठी माणसं गेलीत. डच चित्रकार रेम्ब्रांटने आयुष्यात तीनशेच्या आसपास प्लेट केल्या. तो ॲमस्टरडॅमच्या वेशीबाहेर कालव्यांच्या कडेने चालत जाऊन रेखाटनं करायचा, आणि त्या फिरण्यातून त्याच्या निसर्गाच्या प्लेट आल्या. १६४३ सालची तीन झाडांची प्लेट मिळेल तिथे मोठी करून बघा. अर्ध्याहून जास्त चित्र नुसतं आभाळ आहे. एका कोपऱ्यात पावसाच्या तिरक्या, सरळ रेघा आहेत, आणि झाडांच्या मागे ऊन उघडलंय. आपल्याकडे बंगालचे चित्रकार मुकुल दे १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांबरोबर जपानला गेले आणि तिथून पुढे अमेरिकेत जाऊन एचिंग शिकून आले. परत आल्यावर त्यांनी बंगालच्या नद्या, होड्या, गावं प्लेटवर उतरवली. आणि नुसत्या निसर्गचित्राचं म्हणाल तर तुमच्यापासून तासाभरावर कोल्हापूर आहे. आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. त शिकले आणि परत येऊन कोटितीर्थ आणि पंचगंगेच्या परिसरातच चित्रं करत राहिले. चांगल्या चित्रासाठी लांब जावं लागत नाही, हे त्यांच्याकडे बघून पटतं.

अमेरिकन चित्रकार व्हिसलरची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिचा तुम्हाला थेट उपयोग आहे. १८७९ मध्ये लंडनच्या एका कलासंस्थेने त्याला व्हेनिसची बारा एचिंग करायला पाठवलं. थोड्या महिन्यांत परत यायचं होतं, तो वर्षभराहून जास्त राहिला. मेण लावलेल्या तांब्याच्या प्लेट खिशात घालून तो गल्लीबोळांत आणि पाण्याच्या काठी हिंडायचा आणि समोर दिसेल ते थेट प्लेटवर काढायचा. आता, प्लेट छापली की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. त्याने त्याची पर्वा केली नाही. म्हणून ज्याला व्हेनिस ठाऊक आहे त्याला त्याच्या कित्येक प्रिंटमध्ये डावीकडची इमारत उजवीकडे दिसते.

व्हेनिसला ते चाललं. सांगलीत तुम्ही आयर्विन पूल उलटा छापलात तर पहिलाच बघणारा म्हणेल, "पलीकडच्या काठची सांगलीवाडी इकडे कशी आली?" हे झालं पुलाचं. देवळाचं प्रकरण याहून नाजूक आहे. प्लेटवर डाव्या सोंडेचा गणपती काढलात तर कागदावर तो उजव्या सोंडेचा होऊन येतो. उजव्या सोंडेचं सोवळं किती कडक मानतात हे तुम्हाला मी सांगायला नको. देवळावरची पाटी, दुकानाचं नाव, नावेवरचा आकडा, सगळं उलटतं. तेव्हा ओळखीची जागा करताना रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि तो उलटा करून प्लेटवर उतरवा, किंवा रेखाटनासमोर आरसा ठेवा आणि आरशात बघून काढा. चिंचेचं झाड, पाण्यातल्या म्हशी, उसाचा फड, गुऱ्हाळाचा धूर असं काही असेल तर मात्र बेलाशक थेट प्लेटवर काढा. थेट काढलेल्या रेघेत जो जिवंतपणा असतो तो ट्रेसिंगमध्ये थोडा तरी हरवतोच. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर एखादी प्लेट घेऊन जाच. तिथे काठावरची झाडं आणि मधलं रिकामं पाणी एवढ्यावरच चित्र उभं राहतं.

आता प्रेस. एफडी मोडू नका. हे मी अजिबात आडवळणाने सांगत नाही. आत्ता तुमच्याकडे छापायला काय आहे? शिबिरातली एक-दोन प्लेट. दीड लाखाची प्रेस घरात आली की पहिला महिना उत्साहाचा जाईल. नंतर दर वेळी तिच्यावरून नजर फिरली की हिशोब सुरू होईल, आणि घरातही होईल. त्या ओझ्याखाली रेघ मोकळी येत नाही. आधी प्लेट साठवा. कमीत कमी वर्षभर ड्रायपॉइंट करा, म्हणजे टोकदार सुईने थेट प्लेटवर ओरखडे काढून छापा.

ड्रायपॉइंटला ना द्रावण लागतं ना राळ. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे उरलेले असतात, ते मागा. ऑफसेट छापखान्यात वापरून झालेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेट भंगारात जातात. त्या पातळ असतात, पण हात बसवायला पुरतात. कडा कानशीने घासून तिरक्या करा, नाहीतर छापताना कागद फाटेल आणि प्रेसवरचं लोकरीचं कापडही कापलं जाईल. अ‍ॅक्रिलिक पारदर्शक असल्यामुळे रेखाटन उलटं करून खाली ठेवता येतं, म्हणजे ट्रेसिंगचा प्रश्नही सुटला. टोचायला कंपासपेटीतलं कर्कटक धार लावून घ्या. ओरखडा काढताना रेघेच्या कडेला धातूची किंवा प्लास्टिकची बारीक किस उभी राहते. बोटाने हळूच चाचपून बघा, लागते. ती किसच शाई धरून ठेवते आणि ड्रायपॉइंटची ती मखमली, किंचित पसरलेली काळी रेघ देते. दाबाखाली ती लवकर मोडते, म्हणून एका प्लेटवरून चांगल्या प्रती थोड्याच निघतात. ती खरवडून साफ करू नका. नवशिके हमखास करतात, आणि मग रेघ काटकुळी का झाली म्हणून विचारत बसतात.

छापायला मात्र दाब लागतो. चमच्याने घासून लाकडी ठसा उठेल, खोल रेघेतली शाई नीट वर येत नाही. शिबिर घेणाऱ्यांना विचारा, महिन्यातून एक दिवस भाड्याने प्रेस वापरू द्याल का? जवळच्या कला महाविद्यालयांत विचारा. कित्येक ठिकाणी प्रेस धूळ खात पडलेली असते आणि कुणीतरी वापरतंय याचा तिथल्या शिक्षकांना आनंदच होतो. वर्षातून एकदा आठवडाभर बाहेर जाता आलं तर बडोद्याला जा. तिथल्या महाराज सयाजीराव विद्यापीठात या कलेची जुनी परंपरा आहे, आणि 'छाप' नावाची कार्यशाळा १९९९ पासून बाहेरच्या कलाकारांबरोबर काम करते. भोपाळच्या भारत भवनातही ग्राफिक स्टुडिओ आहे. एफडीतले पैसे न मोडता, भिशीच्या पैशांत एवढं नक्की होईल.

वर्षानंतर वीस-पंचवीस प्लेट हातात असतील आणि तरीही प्रेस हवीशी वाटली, तर लहान टेबलावरची घ्या. किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत चांगला फॅब्रिकेशनवाला गाठा. एचिंग प्रेस म्हणजे रसवंतीचा चरकच आहे, फक्त दोन रुळांच्या मधून उसाऐवजी एक सपाट लोखंडी पाट जातो. रूळ खरोखर गोल आणि दाब दोन्ही बाजूंनी सारखा हवा, एवढं त्याला बजावून सांगा. लेथवर काम करणारी अशी माणसं आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. चालू असलेल्या प्रेसची मापं, फोटो घेऊन जा आणि ॲडव्हान्स देण्याआधी त्याने केलेलं दुसरं काम बघा.

अ‍ॅसिडबद्दल आता कडक बोलते. घरात मुलं आहेत, गावभागातली जुनी घरं एकमेकांना लागून आहेत. नायट्रिक अ‍ॅसिड घरात आणायचं नाही. न्हाणीघरात नाही, गच्चीवरही नाही. त्याचा वायू फुफ्फुसाला लागतो, आणि त्रास कधी कधी काही तासांनी दिसतो. जस्ताच्या प्लेटसाठी दुसरा मार्ग आहे आणि त्याची मुख्य वस्तू तुमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते: मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. तासगाव, पलूसकडचे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणाला वापरतात तोच. लिटरभर पाण्यात ५० ते ७५ ग्रॅम मोरचूद आणि तेवढंच मीठ विरघळवा. प्लास्टिकचा उथळ ट्रे घ्या. मेण-डांबराचा थर लावून, त्यावर सुईने रेखाटून, पाठ झाकलेली प्लेट त्यात सोडा.

हे बघत बसण्यासारखं असतं. उघड्या रेघेतलं जस्त विरघळायला लागतं आणि त्याच्या जागी द्रावणातलं तांबं तपकिरी-लाल बुरशीसारखं वर फुगून येतं. ते मऊ पिसाने किंवा रुंद ब्रशने हलकेच बाजूला करत राहायचं, नाहीतर ते रेघेतच अडकून बसतं आणि खोली सारखी येत नाही. मोरपिशी निळं पाणी काम करता करता फिकट होत जातं. निळेपणा गेला की ताकद संपली, नवं करायचं. नायट्रिकसारखा तो जाळणारा धूर नसतो, तरी बुडबुडे येतात आणि बारीक फवारा उडतो. खिडक्या उघड्या, हातमोजे, चष्मा हे पाळायचंच. मोरचूद विषारी आहे. त्याची भांडी, चमचे, तराजू वेगळे, कुलपात. अ‍ॅक्वाटिंटच्या राळेची पूड उडवताना मास्क लावा आणि जवळपास ज्योत नको, ती धूळ पेट घेते.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. मोरीचं पाणी शेवटी कृष्णेत जातं, आणि तांब्याचे क्षार माशांना मारतात. बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका. फेस येईल, मग तळाला हिरवट-निळा गाळ बसेल. वरचं पाणी पूर्ण निवळलं की ते वेगळं करा, गाळ कापडातून गाळून वाळवा, डब्यात बंद करून ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्याकडेच द्या. ज्या नदीचं चित्र काढायचं तिच्यात हे सोडणं मला सहन होत नाही, म्हणून एवढ्या विस्ताराने लिहिलं. प्लेटवरची शाई पुसायला थिनरही नको. गोडेतेल आणि जुनं सुती कापड पुरतं, नंतर साबणाचं पाणी.

विक्रीचा विचार तुमच्या पत्रात ओळींच्या मधे आहे. दीड लाख कसे फिटतील, असा. तेव्हा स्पष्टच सांगते: सांगली-साताऱ्यात प्रिंट विकत घेणारी माणसं फार थोडी आहेत. बहुतेकांना ती झेरॉक्स वाटते. प्रदर्शनात एक शाई लावलेली प्लेट आणि तिच्याशेजारी प्रिंट ठेवा. प्लेटवर मलमलीने शाई पुसून, तळहाताने साफ करून, ओलसर कागद घालून प्रत्येक प्रत वेगळी छापावी लागते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की प्रश्न बदलतात. प्रती किती काढायच्या ते आधी ठरवा, पेन्सिलने १/१५, २/१५ असं लिहून सही करा, आणि ठरवलेल्या आकड्यापुढे एकही काढू नका. जलरंग एकालाच देता येतो, प्रिंट पंधरा घरांत जाऊ शकते, म्हणून किंमत शिक्षकाला परवडेल अशी ठेवा. राज्य कला प्रदर्शनात मुद्राचित्रणाचा, म्हणजे प्रिंटचा, वेगळा विभाग असतो. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटीही प्रदर्शनं भरवते. तिथे पाठवत राहा, पण या वर्षी नको. या वर्षी फक्त काम.

आणि मुलांना घेऊन एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. राजा स्वतः चित्रकार होता, आणि धुरंधर, रविवर्मा, सातवळेकर यांची मूळ चित्रं, शिवाय हेन्री मूरचं शिल्पसुद्धा त्या आडगावात आहे. छापील पुस्तकातून चित्र शिकलेल्या आपल्यासारख्यांना मूळ चित्रासमोर उभं राहायला मुंबईला जावं लागतं असं वाटत असतं. तिथे गेल्यावर ते वाटणं जाईल, आणि मिस्टरांनाही बरोबर न्यायला हे बरं निमित्त आहे.

कागदाचं सांगायचं राहिलं. प्रिंटला लागणारा कागद जाड, शाई पिणारा आणि भिजवला तरी न फाटणारा हवा. पुण्याच्या शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून कागद बनवते. तिथले दोन-तीन प्रकार आणून छोट्या प्लेटवर तपासा आणि मगच जास्तीचा घ्या. छापलेला कागद टीपकागदांच्या मधे, वर सपाट ओझं ठेवून वाळवायचा, टीपकागद रोज बदलायचे. आणि तुम्ही गावभागात राहता, म्हणून हे विसरू नका: २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जस्ताची प्लेट तेल लावून ठेवली तर पुरातूनही वाचेल, कागद वाचणार नाही. जूनच्या आधी सगळी चित्रं, प्रिंट आणि ती तीन टोनची पोस्टकार्डं प्लास्टिकमध्ये बांधून वरच्या मजल्यावर, किंवा विश्रामबागकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे हलवा.